खाडीच्या टोकाला

मे सरत आला होता. कौलं परतायला माणसं आली होती आणि मागल्या पडवीची कौलं उतरून अंगणात त्यांच्या थप्प्या लागत होत्या. मी एकेक कौल हातात घेऊन केरसुणीने वाळलेलं शेवाळ झाडत होते. एका कौलाच्या पोटाशी बोटांना उठाव लागला. ओल्या फडक्याने पुसलं, तर मातीतून इंग्रजी अक्षरं वर आली : बासेल मिशन टाइल वर्क्स. खाली साल, १८६५.

"काकू, धड हाय ते. परत चढवायचं ना?" वरून विचारणा झाली.

"चढवायचं. पण आत्ता असू दे खाली," मी म्हटलं आणि ते कौल तुळशीच्या कट्ट्याला टेकवून ठेवलं.

१८६५ हे त्या कौलाचं वय नव्हे, कारखान्याचं. गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्या वर्षी मंगळूरला, नेत्रावतीच्या काठी, नदीची चिकणमाती साच्यात दाबून कौलं पाडायला सुरुवात केली. बासेल हे ऱ्हाइनच्या काठचं, जर्मन बोलणारं गाव. मिशनचं मूळ ठाणं तिथे. युरोपातल्या एका नदीकाठच्या माणसांनी आपल्याकडच्या एका नदीकाठची माती भाजली आणि ती किनाऱ्या-किनाऱ्याने वर सरकत आली. आमच्या घरात सांगतात की ही कौलं गलबतातून रनपारला उतरली आणि तिथून बैलगाडीने पावसला आली. गाडीत भाताचा पेंढा अंथरलेला होता, तरी शेकड्याला पाचसात फुटलीच, हेही सांगतात. शंभर वर्षं जुना हिशेब, पण फुटल्या कौलांची संख्या अजून घरात तोंडपाठ आहे.

पावसला येणारा माणूस हल्ली रस्त्याने येतो. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपुढे बसतो, खिचडीचा प्रसाद घेतो आणि परततो. स्वामींनी या गावात, एका देसाई कुटुंबाच्या 'अनंत निवासा'त, चाळीस वर्षं काढली. तिथेच बसून ज्ञानेश्वरी अभंगांत आणली. त्यामुळे पावस म्हणजे बसण्याची, थांबण्याची जागा, असं सगळ्यांच्या मनात पक्कं झालं आहे. मलाही तसंच वाटत आलं. पण कौलाच्या पोटावरची ती अक्षरं वाचल्यापासून गावाला दुसरंही एक दार होतं हे विसरता येईना. ते दार पाण्याचं होतं आणि ते भरतीच्या वेळीच उघडायचं.

त्या दाराची खरी ओळख मला फार लांब झाली.

आदल्या वर्षी लेकीकडे हांबुर्गला गेले होते. एका रविवारी तिने मला ल्यूबेकला नेलं. आगगाडीने तासाभराच्या आतलं अंतर. "आई, तुला आवडेल, जुनं बंदर आहे," एवढंच म्हणाली. मी समुद्र शोधत होते. समुद्र नव्हता. होती ती त्रावे नावाची शांत नदी. समुद्र वीसेक किलोमीटर पुढे, त्रावेम्युंडेला. म्हणजे त्रावेचं मुख. शहर आत आणि मुखाशी वेगळं गाव. एका अंगाला त्रावे, दुसऱ्या अंगाला वाकेनित्स, आणि मध्ये पाण्याने वेढलेलं सगळं जुनं शहर. मी पुलावर उभी राहून बघत राहिले. असं गाव मी आधी पाहिलं आहे, असं वाटत होतं, आणि कुठे ते आठवत नव्हतं.

काठाला जुन्या शिडाच्या नावा बांधलेल्या होत्या. धक्क्याचा दगड पाण्यापासून जेमतेम हातभर वर. मी लेकीला विचारलं, "ओहोटी कधी लागते गं इथे?" तिला ठाऊक नव्हतं. एका नावेवर दोर गुंडाळत एक म्हातारा बसला होता, त्याला तिने विचारलं. तो तळहात आडवा धरून, हलवून दाखवत काहीतरी बोलला. तिने सांगितलं, "इथे ओहोटी नसतेच, आई. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. वाऱ्याने पाणी चढतं-उतरतं तेवढंच."

माझा जन्म खाडीकाठचा. पाणी सहा तासांनी निघून जातं, चिखल उघडा पडतो, त्यावर खेकडे आणि बगळे येतात, आणि मग पाणी पुन्हा येतं, हे मी श्वासासारखं धरून चालले होते. उधाण आणि भांग ही नुसती पंचांगातली गोष्ट नव्हे; मासळी, होडी, पाहुणा, सगळं त्यावर ठरायचं. आठशे वर्षं एकाच उंचीवर थांबलेलं पाणी! ते असं थांबलं म्हणूनच त्या शहराला निवांतपणे मोठं होता आलं असावं, असं मला वाटून गेलं.

ल्यूबेक ११४३ साली वसलं, जळालं, आणि ११५९ साली हाइन्रिश ड्यूकने, ज्याला तिकडे सिंह म्हणतात, ते पुन्हा उभारलं. १२२६ साली ते सम्राटाचं मुक्त शहर झालं, म्हणजे मधला कोणी सरदार त्याच्या डोक्यावर उरला नाही. मग व्यापारी शहरांचा जो संघ बाल्टिकभर पसरला, हान्झा, त्याचं हे मुख्य ठाणं. इथल्या मोटारींच्या पाट्यांवर अजून आधी 'हान्झा' आणि मग 'ल्यूबेक' अशी आद्याक्षरं असतात. त्या संघाची शेवटची सभा याच शहरात १६६९ साली भरली. तो आकडा मी मनात गाठ मारून ठेवला.

नदीकाठी सहा उंच, निमुळत्या, लाल विटांच्या कोठ्या आहेत. मिठाच्या. दक्षिणेकडच्या ल्यूनेबुर्गचं मीठ आधी गाड्यांनी आणि १३९८ साली कालवा खणून झाल्यावर होड्यांनी इथे यायचं. इथून ते आजच्या स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर जायचं, तिथे हेरिंग मासा खारवायला. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत मांस चालत नसे, मासा चाले. म्हणून अर्ध्या युरोपच्या उपासाचं ताट या मिठावर चालायचं. त्या कोठ्यांपुढे मला आमची मागली पडवी दिसली. पावसाळ्याच्या बेगमीचे खारवलेले बांगडे बरणीत भरताना आजी मिठाची मूठ एकेका थरावर अशी टाकायची, की शेतात बी टाकावं. मीठ कमी पडलं की वर्ष वाया. ज्याच्याकडे मीठ, त्याच्याकडे पावसाळ्यातलं जेवण. एवढ्याशा हिशेबावर एक अख्खं शहर उभं राहिलं होतं.

आणि सगळं लाल. उत्तर जर्मनीत बांधायला दगड नाही, म्हणून त्यांनी माती भाजली. वेशीचे दोन भलेमोठे बुरूज विटांचे, चर्च विटांचं, ३८ मीटरांहून उंच गेलेली त्याची कमान विटांची. आमच्याकडे दगड आहे, तोही लालच. जांभा. खाणीतून निघताना ओला, मऊ, आणि वारा लागेल तसा घट्ट होणारा. चर्चच्या भिंतीला हात लावला तेव्हा गार, खरबरीत, ओळखीचं काहीतरी तळहाताला लागलं.

या मारियन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याखाली एक जागा आहे. २८ मार्च १९४२च्या रात्री बॉम्ब पडले, मनोरे पेटले आणि वरच्या घंटा खाली कोसळल्या. त्या उचललेल्या नाहीत. फरशीत रुतलेल्या, चिरफाळलेल्या, जशा पडल्या तशाच ठेवल्या आहेत. बाकी सगळं चर्च पुन्हा उभारलं. एवढा तुकडा तेवढा नाही. मी तिथे हात जोडले. आजूबाजूला कोणी हात जोडत नव्हतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

वेशीच्या बुरुजांचीही अशीच गोष्ट. १४६४ ते १४७८ अशी चौदा वर्षं बांधलेली ती वेस दलदलीत एका अंगाने खचली आहे, आजही कललेली दिसते. १८६३ साली ती पाडून टाकायची का, यावर शहराच्या सभेत मतदान झालं आणि एका मताने ती वाचली. एका माणसाने हात वर केला म्हणून! परतताना गाडीत मी त्या माणसाचा विचार करत होते आणि तेव्हाच लख्खकन आठवलं की असं, दोन नद्यांच्या बेचक्यातलं, समुद्रापासून आत असलेलं, मुखाशी दुसरंच गाव असलेलं शहर मी कुठे पाहिलं आहे.

राजापूर. आमचं राजापूर. मी तिथून शेकडो वेळा गेले होते. चहा प्यायले होते, गंगा आल्यावर कुंडांवर न्हाले होते, एसटी बदलली होती. बघितलं मात्र नव्हतं.

तेव्हा गेल्या कार्तिकात, पाऊस पूर्ण थांबल्यावर, मुद्दाम निघाले. महामार्गाने न जाता किनाऱ्याने. पूर्णगडावर थोडी चढले. लहानसा किल्ला, दरवाज्यातून आत गेलं की उजवी-डावीकडे जांभ्याचा तट, आणि पुढे एकदम समुद्र. खाली मुचकुंदी समुद्राला मिळते. तिचा उगम विशाळगडाजवळच्या माचाळच्या पठारावर. म्हणजे या मुखाशी बसलेला माणूस सह्याद्रीचं पाणी मोजत बसायचा आणि त्या पाण्याबरोबर उतरणारा मालही. मुचकुंदीवरचा पूल ओलांडला की गावखडी, सुरूचं बन, मग कशेळी. कशेळीच्या कनकादित्याची कथा आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते : सौराष्ट्रातून दक्षिणेकडे निघालेल्या एका व्यापाऱ्याचं गलबत इथे समुद्रात अडलं, काही केल्या पुढे जाईना, तेव्हा त्याने आपल्याजवळची सूर्याची मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली. गलबत सुटलं. देव राहिला. याच गावात शिलाहार भोजराजाचा शके १११३चा, म्हणजे ११९१ सालचा ताम्रपट आहे. हाइन्रिश सिंह ल्यूबेक बांधत होता त्यानंतरच्या तीसेक वर्षांतली गोष्ट. इथेही तेव्हा गलबतं जात-येत होती, हे कथेतला देव सांगतो.

आडिवऱ्याच्या महाकालीला नमस्कार केला आणि राजापुरात शिरले.

१८८०च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये राजापूरला कोकणातलं सर्वांत जुनं दिसणारं आणि सर्वांत चांगलं टिकलेलं शहर म्हटलं आहे. उभ्या चढाचे अरुंद रस्ते, फरसबंद आणि वर छप्पर घातलेले बाजार. इंग्रजांच्या वखारीची भक्कम दगडी इमारत, तिचं आवार थेट खाडीपर्यंत उतरलेलं. गॅझेटिअर लिहिलं गेलं तेव्हा तिथे सरकारी कचेरी भरत होती. ते वर्णन मनात धरून मी चढाच्या गल्ल्यांतून हिंडले. माझ्या सासऱ्यांच्या कपाटात 'राजापुरी' म्हणून निराळी घडी असायची, पंच्यांची. धुऊन धुऊन मऊ झालेले, पाणी लगेच टिपणारे. पंचा कुठलाही असो, चांगला असला की राजापुरी. शहराचं नाव एखाद्या वस्तूला चिकटून घराघरांत शिरतं, ते त्या शहरात कधीतरी मोठी पेठ असल्याशिवाय नाही.

पेठ होतीच. अर्जुना आणि कोदवली जिथे मिळतात तिथे, खाडीच्या टोकाला. विजापूरच्या आदिलशाहीचा माल सह्याद्री उतरून इथे यायचा. अणस्कुरा घाट चढलं की पलीकडे विशाळगड-पन्हाळ्याचा मुलूख. घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून मिरी आणि कापड खाली यायचं, आणि भरतीच्या पाण्यावर जैतापूरच्या मुखातून बाहेर पडायचं. जैतापूर म्हणजे राजापूरचं त्रावेम्युंडे. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी इथे वखार घातली, फ्रेंचही आले. मिऱ्यांसाठी आले. जर्मन भाषेत श्रीमंत, पैशांनी फुगलेल्या व्यापाऱ्याला 'मिऱ्यांचं पोतं' म्हणतात, हे मला लेकीने सांगितलं होतं. हान्झाच्या शहरांतला तो शब्द. त्यांच्या भाषेतल्या त्या पोत्यात आपल्या सह्याद्रीच्या उताराचा वास आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

या वखारीची एक गोष्ट लहानपणी शाळेत दोन ओळींत संपली होती. ती दोन ओळींची नाही. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, शिवाजी महाराज आत अडकले. राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन सह्याद्री चढला आणि इंग्रजी निशाण लावून त्याने पन्हाळ्यावर मारा केला. व्यापाऱ्याने वजनकाटा ठेवून तोफेला हात घातला. महाराज जुलैत वेढ्यातून निसटले, आणि पुढच्या मार्चमध्ये, १६६१ साली, राजापुरावर आले. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार पकडले गेले, सोनगडाच्या कैदेत पडले. त्यांनी सुरतेच्या आपल्या वरिष्ठांना सोडवणुकीसाठी पत्रं लिहिली. वरिष्ठांनी उलट त्यांचाच दोष काढला : कंपनीचा माल राखताना तुम्ही कैद झालेला नाहीत, आपलं निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात म्हणून झालात, अशा अर्थाचं उत्तर आलं. उरलेले कैदी १६६३ साली सुटले. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हाही बोलण्यात राजापूरची नुकसानभरपाई होतीच. सह्याद्रीच्या माथ्यावर सिंहासन, आणि बोलणी चालली आहेत या खाडीकाठच्या वखारीची.

मला या सगळ्यात सर्वांत जवळचं वाटतं ते मात्र मिठाचं पत्र. १६७१ साली महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदरावांना लिहिलेलं. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं, म्हणून व्यापारी तिकडे वळतात; तेव्हा त्या मिठावर अशी जकात बसवा की संगमेश्वरच्या मिठापेक्षा ते महाग पडेल, नाहीतर आपली मिठागरं बुडतील, असा त्याचा आशय आहे. हे वाचताना मला ल्यूबेकच्या सहा कोठ्या आठवतात. हान्झाची शेवटची सभा १६६९ची. हे पत्र त्यानंतर दोनच वर्षांनी. तिकडे मिठावर मोठं झालेलं राज्य आवरतं घेतलं जात होतं आणि इकडे एक नवं राज्य आपल्या किनाऱ्यावरची मिठाची मूठ घट्ट आवळून धरत होतं. किल्ल्यांच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, त्या सांगायलाच हव्यात. पण मिठागरात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचा भाव पडू नये म्हणून राजा पत्र लिहितो, ही गोष्टही त्याच ओघात सांगावी, असं मला फार वाटतं.

पुढे राजापूर आंग्र्यांकडे गेलं, १७५६ साली पेशव्यांकडे, १८१८ साली इंग्रजांकडे. माणसं बदलली तरी पेठ चालू राहिली. तिला बसवलं ते गाळाने. डोंगरउतारावरची माती दर पावसाळ्यात खाली आली, अर्जुनेच्या पात्रात साचत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अरबी गलबतं थेट राजापूरशी व्यापार करीत होती. रत्नागिरी जिल्ह्यातलं असं हे एकच बंदर उरलं होतं. पण मोठ्या गलबताला जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैल अलीकडेच नांगर टाकावा लागायचा. तीन मैल! धक्का उभा, त्यावर माणसं उभी, आणि पाणी तीन मैलांवर थांबलेलं. नंतर कोकण रेल्वे आली तीही शहरापासून लांबून गेली; स्टेशनाचं नावसुद्धा राजापूर रोड, म्हणजे राजापूरच्या वाटेवरचं.

पाणी अजून येतं. पण आता वरून. आषाढात अर्जुना आणि कोदवली एकदम फुगतात, गाळाने उथळ झालेल्या पात्रात मावत नाहीत आणि जवाहर चौकात शिरतात. दुकानदार सामान वरच्या फळ्यांवर चढवतात. अलीकडे लोकांनी पुढाकार घेऊन नदीतला गाळ उपसायला सुरुवात केली, ती मी बातमी म्हणून वाचली नाही, आपल्या घरातल्या आजाऱ्याने पेज घेतली असं कोणी सांगावं तशी ऐकली.

आणि चिरे? ल्यूबेकला वेशीसाठी हात वर करून मतं मोजली. आपल्याकडे जुन्या भिंतीचा प्रश्न मताला येतच नाही. एका पावसाळ्यात कोपरा ढासळतो, दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर पिंपळ येतो, मग कोणाच्या तरी कुंपणाला दोन चिरे कमी पडतात. कोणी पाडत नाही आणि कोणी राखतही नाही. याचं मला दुःख आहे. राजापूरच्या एका उतारावर, एका घराच्या जोत्यात, मला एक चिरा दिसला. बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठा, कडा टाकीने नीट धरलेल्या, आणि मधोमध दोरखंड घासून पडावी तशी एक गुळगुळीत खाच. तो धक्क्याचा होता का, माहीत नाही. मी त्या खाचेत बोट फिरवून पाहिलं. आतून एक बाई बाहेर आल्या, "कोणाकडे आलात?" म्हणाल्या. मी म्हटलं, "गावच बघायला आले आहे." त्यांनी आत बोलावलं, कोकमाचं सरबत दिलं. त्यांच्या ओटीवरून खाली अर्जुनेचं पात्र दिसत होतं.

"इथपर्यंत भरती येते का हो अजून?" मी विचारलं.

"येते की. उधाणाला येते. बघायला गेलं तर दिसते," त्या म्हणाल्या.

मी संध्याकाळपर्यंत थांबले. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस होते, उधाण जवळ होतं. खाली काठावर जाऊन बसले. बराच वेळ काही नाही. मग वाहत्या पाण्यावरची एक वाळकी फांदी हळू झाली, थांबली, आणि बोटभर, वीतभर, उलट्या दिशेने वर सरकू लागली.

हे सगळं त्या कौलामुळे पुन्हा आठवलं. तिसऱ्या प्रहरी कौलं चढवून होत आली तेव्हा मी तुळशीजवळचं ते कौल उचलून शिडीवरच्या माणसाच्या हातात दिलं. मंगलोरी कौलाचा शिक्का आतल्या अंगालाच असतो. बाहेरून दिसत नाही, माळ्यावर गेलं की वाचता येतो. मी त्याला म्हटलं, माळ्याच्या खिडकीवर लाव, उजेडाजवळ. त्याने दोन कौलं सरकवून ते मध्ये बसवलं.

रात्री पहिला पाऊस आला. माळ्यावर गळतं का ते बघायला बत्ती घेऊन चढले. कौलं कोरडी होती. खिडकीवरची अक्षरं दिसत होती, आणि वर पाणी सरींनी उतरून पागोळ्यांवाटे अंगणात, अंगणातून पऱ्यात, पऱ्यातून गौतमीत, आणि तिच्याबरोबर रनपारकडे निघालं होतं.